सोळा फुटांचं देणं

आमच्या घरात त्यांना 'मास्तर' म्हणायची सुरुवात मुलीने केली. ओंटारियोतल्या पीटरबरोमध्ये आम्ही घर घेतलं, तेव्हा शेजारच्या या गृहस्थांना शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. हायस्कूलच्या पोरांना सुतारकाम शिकवण्यात त्यांची हयात गेली. इथे लहानथोर सगळे एकमेकांना नावानेच हाक मारतात. पण सत्तरी ओलांडलेल्या माणसाला नुसतं नावाने बोलवायला आमची जीभ रेटेना. मुलगी म्हणाली, "ते शिकवायचे ना? मग मास्तर म्हणा की." तेव्हापासून ते मास्तर आणि त्यांच्या पत्नी बाई.

या दोघांचं माझ्यावर ऋण आहे. सोळा फूट लांब, पंचवीस किलो वजनाची सीडर लाकडाची एक कनू, म्हणजे वल्ह्याने चालवायची निमुळती होडी, माझ्या गॅरेजच्या छताला टांगलेली आहे. ती मी माझ्या हातांनी बांधली असं लोकांना सांगितलं जातं आणि ते खोटं नाही. पण ते फार थोडं खरं आहे, आणि उरलेलं कुठेतरी लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं.

पीटरबरोत राहून पाण्याकडे पाठ फिरवणं कठीण. ओटोनाबी नदी गावाच्या मधून जाते, गावातच लिटल लेक आहे, आणि ओंटारियो सरोवरापासून जॉर्जियन उपसागरापर्यंतचा ३८६ किलोमीटरचा ट्रेंट-सेव्हर्न जलमार्ग याच गावातून पुढे सरकतो. कनू तर या गावाच्या रक्तात आहे. १८५०च्या दशकात इथले जॉन स्टीफन्सन आणि शेजारच्या लेकफील्डचे टॉमस गॉर्डन यांनी पातळ फळ्यांच्या कनू बांधायला घेतल्या. त्याआधी गोऱ्या वसाहतवाल्यांकडे असायची ती लाकूड कोरून केलेली जड होडी. पुढे पीटरबरो कनू कंपनी निघाली, गावाचं नाव कोरलेल्या कनू समुद्रापार गेल्या. ती कंपनी बंद पडून आता साठ वर्षं उलटली. तरी गल्लीबोळातून फिरताना कुणाच्या तरी मागच्या अंगणात लाकडी घोड्यांवर पालथी घातलेली कनू दिसतेच.

मला एक कनू विकत घ्यायची होती. कुठली घेऊ, एवढंच विचारायला मी मास्तरांकडे गेलो. त्यांनी उत्तर दिलं नाही. गॅरेजमध्ये नेलं आणि भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे खिळ्याला प्लायवुडचे साचे ओळीने लटकवलेले होते. मधला फुगीर पोटाचा, मग दोन्हीकडे लहान लहान होत गेलेले, टोकांशी अगदी निमुळते. प्रत्येकावर पेन्सिलीने आकडा. तरुणपणी त्यांनी एका जुन्या प्रॉस्पेक्टर कनूची मापं घेऊन ते कापले होते. सामान लादून जंगलात महिनाभर हिंडायला निघणाऱ्यांसाठी फ्रेडरिक्टनच्या चेस्टनट कंपनीने गाजवलेला हा घाट: पोट खोल, टोकं उचललेली, तळाला लांबीतही किंचित बाक.

"साचे माझे, क्लँप माझे, जागा माझी," मास्तर म्हणाले. "लाकूड तुझं."

'जागा माझी' हे वाक्य तेव्हा मी सहज ऐकलं. त्याचा अर्थ नोव्हेंबरात कळला. माझं गॅरेज थंडगार. त्यांचं गरम होणारं. सरस आणि रेझिन दोन्हींना ऊब लागते. म्हणजे कनू त्यांच्या गॅरेजमध्ये उभी राहणार आणि त्यांची गाडी बाहेर. पीटरबरोचा हिवाळा ज्याने काढला नाही त्याला यातलं दान समजायचं नाही. पारा उणे वीसपर्यंत उतरतो, रात्रीतून वीतभर बर्फ पडतं, काचेवरचा थर खरवडून काढावा लागतो, दरवाजाची फट गोठते. मास्तर आणि बाई दोघंही म्हातारी. मी पहाटे फावडं घेऊन जायचो, तोवर मास्तरांनी गाडी साफ करून ठेवलेली असायची. एकदा मी बाईंना म्हटलं, हे मला बरं वाटत नाही. त्या म्हणाल्या, "चाळीस वर्षं हा माणूस दुसऱ्यांच्या पोरांना करवत धरायला शिकवत होता. निवृत्त झाल्यापासून त्याला कुणी काही विचारलं नव्हतं." आणि त्यांनी विषय बदलला.

मास्तरांची एक खोड होती. खोड म्हणतो, पण माझ्या लेखी तोच त्यांचा मोठेपणा. काहीही शिकवलं की ते कुणाकडून आलं ते सांगायचेच. पहिल्याच दिवशी लहान रंधा कसा तिरपा धरायचा ते दाखवलं आणि म्हणाले, "हे माझं नव्हे. माझ्या वडिलांच्या भावाचं." साचे ज्या लांब पेटीवर उभे करायचे ती तंतोतंत सरळ हवी, त्यासाठी दोरा ताणून मधला भाग कसा पाहायचा, ते एका सहकारी शिक्षकाचं. पट्ट्या कशा जोडायच्या, सरस किती लावायचा, शेवटी तळाची बदामी फट कशी बुजवायची, हे सगळं टेड मूर्स यांचं. १९८३ साली निघालेलं त्यांचं 'कनूक्राफ्ट' हे पुस्तक मास्तरांच्या कपाटात होतं; पानांवर रेझिनचे थेंब वाळून काचेसारखे झालेले. याच परिसरातल्या मूर्स यांनी मेरिलिन मोर यांच्यासोबत ते लिहिलं. कधी हातात हत्यार न धरलेल्या माणसाने घरी बसून कनू बांधावी एवढं स्वच्छ, पायरी-पायरीने लिहिलेलं पुस्तक. जगभर किती गॅरेजांमधून त्या पुस्तकाच्या जोरावर कनू बाहेर पडल्या असतील! माझ्यासारख्या नवशिक्यांच्या वतीने त्या दोघांना इथे नमस्कार करतो.

लाकूड म्हणजे वेस्टर्न रेड सीडर. पश्चिम किनाऱ्यावरचं हे झाड. लाकूड वजनाला हलकं, धाग्याला सरळ, सहजी न कुजणारं. त्याच्या लांब पट्ट्या काढायच्या, दोन सूत जाड आणि सहा सूत रुंद. मग प्रत्येक पट्टीची एक कड गोलसर फुगीर करायची आणि दुसरीला तेवढीच पन्हळ पाडायची. एकीची फुगीर कड दुसरीच्या पन्हळीत बसते. कनूचं अंग जसं वळत जातं तसा दोन पट्ट्यांमधला कोन बदलत जातो, पण सांधा कुठेही उघडा पडत नाही. ही युक्ती मी पहिल्यांदा हातात घेऊन पाहिली तेव्हा ती पट्टी खाली ठेववेना. दोन तुकडे एकमेकांत बसवून मी नुसता हलवत होतो. कुठल्याही कोनात, फट नाही.

सीडरच्या भुशाला सुरेख वास येतो, आणि तो भुसाच घात करतो. त्यातल्या प्लिकॅटिक आम्लाने सुतारांना दमा जडतो, हे वैद्यकात नीट नोंदलेलं आहे. मी हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत काम करतो, त्यामुळे मला ते ठाऊक होतं. मास्तरांना ते अनुभवाने ठाऊक होतं. त्यांच्या वर्गात ज्याच्या तोंडावर मास्क नाही त्याला हत्यार मिळत नसे. माझ्यासाठीही नियम तोच.

दोन्ही टोकांचे वाकवलेले कणे अ‍ॅश लाकडाचे. त्याला वाफ द्यायची: लाकडाची लांब पेटी, खाली उकळतं पाणी, पेटीतून वाफेचे लोट. इंचभर जाडीला तासभर हा जुना हिशेब. आमच्या पट्ट्या दोन सुतांच्या, म्हणजे पाव तास. पेटी उघडली की हातात वेळ काही सेकंदांचा. हातमोजे घातलेले, साचा समोर, क्लँप उघडून तयार. मास्तर "आता" म्हणाले आणि आम्ही दोघांनी मिळून ती पट्टी वळवली. मगाशी गुडघ्यावर आपटली असती तर मोडली असती अशी पट्टी वेतासारखी वाकत गेली. एक मधेच तडकली, तिचा धागा तिरका होता. मास्तरांनी ती बाजूला टाकली आणि दुसरी काढली. ती बसल्यावर, अजून वाफ येत असतानाच, म्हणाले, "हे माझं नव्हे. कनू कंपनीत काम केलेला एक म्हातारा होता, त्याचं. त्याने मला हात धरून हे करायला लावलं होतं."

मग महिनोन् महिने पट्ट्या. कामावरून घरी यायचं, जेवायचं आणि शेजारी जायचं. काठापासून सुरुवात, एक पट्टी डावीकडे, एक उजवीकडे. पन्हळीत सरस, वर पुढची पट्टी, प्रत्येक साच्यावर एकेक स्टेपल. मास्तर लाकडाचे रंग जुळवून ठेवायचे, गडद तपकिरी, मधाळ, फिकट गुलाबी, म्हणजे दोन्ही बाजू एकमेकींशी बोलतील. ते स्वतः फार थोडं करायचे. स्टुलावर बसायचे आणि बघायचे. ज्याचं काम त्याच्या हातून व्हावं याबद्दल ते कडक होते.

एका संध्याकाळी मी टोकाशी गुडघे टेकून बसलो, एक डोळा मिटला आणि काठाची रेष पार दुसऱ्या टोकापर्यंत न्याहाळली. मधे एका साच्यापाशी पट्टी केसभर आत गेल्यासारखी वाटली. तळवा फिरवला, खळगा तिथेच लागला. मी पातळ पाचर घालून ती बाहेर काढली. वळून पाहतो तो मास्तर माझ्याकडे पाहत होते.

"हे मी तुला दाखवलेलं नाही," ते म्हणाले. "कुठे शिकलास?"

"कुठेच नाही."

"कुठेच नाही असं नसतं," ते म्हणाले आणि थांबून राहिले.

तेव्हा मला धाकटा मामा आठवला. आठवला म्हणण्यापेक्षा, समोर आला. कोकणातल्या कर्ली खाडीच्या काठी आमचं आजोळ. मुंबईहून आम्ही मे महिन्यात जायचो आणि माझा सगळा वेळ मामाच्या मागे जायचा. मामा होड्या दुरुस्त करायचा, कधी नवीही बांधायचा. माडाखाली झावळांचा मांडव, त्यात आंब्याच्या लाकडाची होडी, शेजारी तिला बांधायची उलांडी. वाकसाने तासताना उडालेल्या ढलप्या आम्ही चुलीसाठी गोळा करायचो. फटींमध्ये कापूस ठासायचा, वर तेल. उंडीच्या तेलाची करवंटी धरून उभं राहणं हे माझं काम. मामा मधूनच हत्यार खाली ठेवायचा, नाळेशी उकिडवा बसायचा, एक डोळा मिटायचा आणि होडीच्या काठावरून नजर टाकायचा. मग उठून जायचा आणि बरोबर एका जागी तळवा ठेवायचा. तो मला काही शिकवत नव्हता. बोलायचाही नाही फारसा. मी त्याच्या शेजारी तसाच उकिडवा बसायचो, तसाच डोळा मिटायचो, आणि मला काय दिसायला हवं होतं ते मला तेव्हा दिसत नव्हतं.

हे सगळं मी मास्तरांना सांगितलं. उलांडी कशी असते ते कागदावर काढून दाखवलं: होडीपासून दोन आडव्या काठ्या बाहेर गेलेल्या आणि त्यांच्या टोकाला पाण्यावर तरंगणारा लाकडाचा ओंडका. त्यांनी ते चित्र घडी करून कनूक्राफ्टच्या पानांमध्ये ठेवलं. त्यानंतर जेव्हा जेव्हा मी डोळा मिटून रेष बघायचो तेव्हा ते विचारायचे, "तुझा मामा काय म्हणतो?"

रेझिनचा दिवस वेगळा. सगळे स्टेपल काढून झालेले, रंधा आणि पॉलिशपेपर मारून कनूचं अंग गुळगुळीत झालेलं, आणि त्यावर काचेच्या धाग्यांचं पांढरं कापड पसरलेलं. रेझिन आणि हार्डनर मिसळले की घड्याळ सुरू होतं. भांड्यात जास्त वेळ राहिलं तर ते स्वतःच्या उष्णतेने तापतं, धुरावतं, घट्ट होतं. त्या दिवशी माझी बायको वजनकाटा घेऊन बसली होती. थोडं थोडं मोजायचं, ढवळायचं, पसरट ताटात ओतून माझ्या हातात द्यायचं, वेळ लिहायची; तिने एकही ताट चुकवलं नाही. मुलगी वेळ ओरडून सांगत होती. मास्तर रबरी पट्टीने रेझिन ओढत पुढे, मी मागे. आणि पांढरं कापड दिसेनासं होत गेलं. जिथे रेझिन भिनलं तिथे कापड नाहीच, नुसतं लाकूड: ओलं, खोल, तांबूस, महिनाभर भुशाखाली झाकलेले सगळे रंग एकदम वर आलेले. बाई दाराशी सूपचं भांडं घेऊन उभ्या होत्या, त्या आत आल्याच नाहीत, तिथूनच बघत राहिल्या. बायकोबद्दल इथे सरळ सांगतो. त्या हिवाळ्यातल्या संध्याकाळी मी घरी नसायचो आणि घर तिने एकटीने ओढलं. कनूचा हिशेब मांडताना लाकडाची किंमत लोक विचारतात, या संध्याकाळींची कुणी विचारत नाही.

रेझिन पूर्ण वाळेपर्यंत काम बंद. त्या सुट्टीत मास्तर मला कनू म्युझियमला घेऊन गेले. कर्क विपर या शिक्षकाने मुलांच्या उन्हाळी शिबिरात जमवायला सुरुवात केलेल्या होड्यांचा हा संग्रह, आता सहाशेच्या वर. १९९७पासून म्युझियम पीटरबरोत आहे आणि २०२४मध्ये लिटल लेकच्या काठावरच्या नव्या इमारतीत गेलं. मला सगळं बघायचं होतं, पण मास्तर मला थेट बर्च झाडाच्या सालीच्या कनूपुढे घेऊन गेले आणि तिथेच उभं केलं.

सालीची आतली, तांबूस बाजू बाहेर. आत पांढऱ्या सीडरच्या पातळ फळ्या आणि वाकवलेल्या बरगड्या. शिवण स्प्रूसच्या मुळांची, आणि सांध्यांवर स्प्रूसचा डिंक चरबीत कालवून लावलेला. खिळा नाही, स्क्रू नाही. मी वाकून काठाची रेष पाहिली. टोकापासून टोकापर्यंत कुठेही अडखळली नाही.

"सगळं इथे आहे," मास्तर म्हणाले. "स्टीफन्सनने, गॉर्डनने, चेस्टनटने, मूर्सने, मी, आपण कुणीही हा आकार काढलेला नाही. तो पूर्ण झालेला होता. आपण फक्त साल बदलली."

मग त्यांनी टॅपन अ‍ॅडनी यांची गोष्ट सांगितली. हा अमेरिकन तरुण १८८७ साली न्यू ब्रन्सविकमध्ये आला आणि वोलास्तोकी या मूळ रहिवासी लोकांपैकी पीटर जो नावाच्या कारागिरापाशी बसून सालीची कनू बांधायला शिकला. मग त्याने जन्मभर या कनूंच्या नोंदी केल्या, शंभराहून अधिक हुबेहूब लहान प्रतिकृती केल्या. त्याच्या मृत्यूनंतर, १९६४ साली, हॉवर्ड शॅपेल यांनी त्या नोंदींतून सिद्ध केलेलं पुस्तक स्मिथसोनियनने छापलं. मास्तरांकडे ते होतं. "पण पुस्तकावर पीटर जोचं नाव नाही," ते म्हणाले. मी काही बोललो नाही.

पीटरबरो ज्या जमिनीवर उभं आहे ती मिसिसागा अनिशिनाबे लोकांची. गावाच्या उत्तरेला कर्व्ह लेक आणि दक्षिणेला हायावाथा ही त्यांची गावं आजही आहेत. १९२३च्या विल्यम्स करारांनंतर या लोकांना स्वतःच्याच पूर्वीच्या मुलखात शिकार आणि मासेमारी करायचा हक्क कित्येक दशकं नाकारला गेला. ज्यांनी या पाण्यांवर फिरायची होडी घडवली, त्यांच्यावर त्याच पाण्यात मासे धरल्याबद्दल खटले झाले. २०१८ साली सरकारने तडजोड केली, भरपाई दिली, जाहीर माफी मागितली. मास्तर हे सांगताना आवाज चढवत नव्हते. घरी परतताना गाडीत म्हणाले, "वडिलांच्या भावाचं देणं मी फेडू शकत नाही कारण तो मेला आहे. यांचं देणं असं नाही. ते लोक इथेच आहेत, दहा-वीस मैलांवर." मास्तर दरवर्षी कर्व्ह लेकच्या मेळाव्याला जायचे आणि तिथे सुतारकाम करणाऱ्या पोरांना हत्यारं देऊन यायचे, हे मला बाईंकडून नंतर कळलं. आता आम्ही जातो.

वसंतात बर्फ वितळलं आणि कनू बाहेर आली. काठाच्या पट्ट्या चेरीच्या, बैठकी वेताने विणलेल्या, मधला आडवा दांडा खांद्यावर बसेल असा कोरून घेतलेला. वर व्हार्निशचे थर, कारण रेझिनला ऊन सोसत नाही. लिटल लेकवर ती पाण्याला लागली तेव्हा मुलीने नारळ फोडला. तो दुकानातला सोललेला, शेंडी नसलेला नारळ होता, पण पाण्याला नारळ दिल्याशिवाय होडी सोडायची नाही एवढं तिला तिच्या आजीने पढवलेलं होतं.

मास्तरांनी तेव्हा पहिल्यांदा काहीतरी मागितलं. त्यांच्या खांद्यांमुळे त्यांना कनू उचलवत नव्हती, बरीच वर्षं ते पाण्यावर गेले नव्हते. "मला लिफ्ट लॉकमधून वर ने."

पीटरबरोचं लिफ्ट लॉक १९०४मध्ये सुरू झालं. दोन प्रचंड हौद, एक वर, एक खाली, पाण्याच्या दाबावर तोललेले. वरच्या हौदात फूटभर पाणी जास्त घेतात; तेवढ्या भाराने तो खाली येतो आणि दुसऱ्याला होड्यांसकट वीस मीटर वर उचलतो. इंजिन नाही, गुरुत्वाकर्षणच. आम्ही खालच्या हौदात शिरलो, मागचं दार बंद झालं. पुढे मास्तर, मागे मी, भोवती दोन मोठ्या मोटरबोटी. काँक्रीटची भिंत खाली सरकायला लागली, गावाची छपरं दिसायला लागली, मग झाडांचे शेंडे. मास्तर वल्हं मांडीवर आडवं ठेवून बसले होते. वर पोचल्यावर त्यांनी लिफ्ट लॉक बांधणाऱ्या इंजिनिअरचं, रिचर्ड रॉजर्सचं नाव घेतलं. काम पूर्ण करूनही त्या माणसावर चौकशी बसली आणि त्याला राजीनामा द्यावा लागला होता. नाव घेतल्याशिवाय तिथून पुढे जाणं मास्तरांना जमलं नसतं. मग त्यांनी वल्हं पाण्यात घातलं. सत्तरी उलटलेल्या त्या हातांचा वल्ह्याचा फटकारा इतका स्वच्छ होता की मला मागे बसून नुसती दिशा धरायची होती.

त्या रात्री मी मामाला फोन लावला. मामा आता थकला आहे, ऐकू कमी येतं, पण होडीचं नाव काढलं की सगळं ऐकू येतं.

"वजन किती?"

"पंचवीस किलो."

"पंचवीस किलो? वाऱ्यान उडान जायत ती!" मग जरा थांबून, "कोणी शिकयल्यान तुका?"

मी मास्तरांबद्दल सांगितलं. गॅरेज, बर्फातली गाडी, साचे, सगळं. आणि हेही सांगितलं की रेष बघायची नजर मला त्याच्याकडून आली. हे मला मास्तरांनी विचारेपर्यंत कळलं नव्हतं, आणि कळल्यावर सांगायचं राहून जात होतं. पलीकडे शांतता. मामाला कौतुक सोसत नाही. मग त्याने त्याच्या परीने नेमका प्रश्न विचारला. "तेच्यासाटी तू काय केलंस?"

मी सांगितलं ते थोडं होतं. गणपतीत त्यांच्याकडे मोदकांचं ताट जातं. त्यांच्या अंगणातलं बर्फ पुढच्या हिवाळ्यापासून मी उपसणार, म्हणजे गाडी आत आणि मी बाहेर. पैसे ते घेत नाहीत. मामा म्हणाला, होऊ दे, पण मोजत बसू नकोस, मोजणारा थांबतो.

पुढे बाईंच्या गुडघ्यांनी जिने सोसेनात, म्हणून घर विकून ती दोघं ब्रिटिश कोलंबियात मुलीकडे राहायला गेली. साचे माझ्या भिंतीवर आले. गेल्या वर्षी मामेभावाच्या मुलाचा फोन आला. तारकर्लीला तो पर्यटकांच्या बोटी चालवतो. खारफुटीच्या अरुंद वाटांत मोटरबोट जात नाही, गेली तरी आवाजाने पक्षी उडतात; त्याला दोन माणसांना उचलता येईल अशी हलकी कनू हवी आहे आणि ती तिथेच, मामाच्या मांडवात बांधायची आहे. मी साचे कागदावर पूर्ण मापात काढून पाठवले. सोबत कृती लिहिली आणि प्रत्येक कृतीपुढे ती कुणाकडून आली ते लिहिलं. कृतीपेक्षा नावांनी जास्त जागा घेतली, पीटर जोचं नाव पहिल्या पानावर आहे.

आता प्रश्न लाकडाचा. रेड सीडर तिथे नाही. पोराला पांगारा घ्यायचा होता. मामा म्हणाला, "पांगारो हलको खरो, पण तेका कीड लागता. शिवणीचा लाकूड घी. वाकणा नाय, फुगणा नाय." शिवण ठरली. पावसाळ्यात रेझिनला हात लावायचा नाही हेही ठरलं, दमट हवेत त्यावर चिकट साय धरते. दिवाळीनंतर काम सुरू होईल.

पट्टीच्या जाडीवर मात्र अडलं. मी दोन सूत लिहिलं होतं. मामाने कागद बाजूला ठेवला. "खडपाक आपटली तर दोन सुतात काय ऱ्हवतला?" मी म्हटलं, जाडी वाढली की वजन वाढेल, शिवण आधीच सीडरपेक्षा जड. तो ऐकेना. शेवटी मी मास्तरांना फोन लावला आणि दोन्ही बाजू सांगितल्या. त्यांनी खाडीचा तळ कसा आहे, भरती किती चढते, पोरं कनू ओढून नेतात की उचलून, सगळं नीट विचारून घेतलं.

"पाणी तुझ्या मामाच्या ओळखीचं आहे," ते म्हणाले. "तो सांगेल तेवढी."

मामाने तीन सूत सांगितली आहे.